रुरूसाठी कोण फेरे घालतं?

वटपौर्णिमेच्या दुपारी मी वाईला पोचले, तेव्हा मावशी ओसरीवर बसून फणसाचे गरे सोडवत होती. शेजारी सुपात आंबे, जांभळं, करवंदं, केळी. घाटाकडून ओल्या मातीचा वास येत होता आणि आतल्या खोलीत काकांचा रेडिओ बारीक आवाजात चालू होता.

चौदा वर्षांपूर्वी, २०११ च्या फेब्रुवारीत, मावशीची डावी किडनी काकांच्या उजव्या ओटीपोटात बसवली. लोकांना वाटतं, खराब किडन्या काढून त्यांच्या जागी नवी ठेवतात. सहसा तसं करत नाहीत. जुन्या दोन जागच्या जागी राहतात आणि तिसरी खाली बसते, पोटावरून हाताला लागेल अशी. काका बोलता बोलता तिथं हात ठेवतात, ती आता त्यांची सवयच झाली आहे.

ती किडनी थकली आहे. इतकी वर्षं दीडच्या आत असलेलं क्रिएटिनिन गेल्या दिवाळीपासून चढत चढत पावणेचारवर गेलं. बायोप्सीत कळलं, की शरीर तिला हळूहळू नाकारतंय. जिवंत दात्याची किडनी साधारण पंधरा-वीस वर्षं साथ देते, तेव्हा यात कुणाची चूक नाही. पण घरात चूक शोधणं सुरू झालं होतं, आणि मावशीच्या लेकीनं, आमच्या ताईनं, पुण्याहून फोन करून सांगून टाकलं होतं: आता मी देते.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात प्रत्यारोपणाची कोऑर्डिनेटर आहे. तपासण्या, कागदपत्रं, समितीच्या तारखा, हे सगळं आमच्याकडं असतं. त्यातलं अवघड काम एकच. दात्याला एकटं बसवायचं, दार लावायचं आणि विचारायचं, की तुम्हाला खरंच द्यायची आहे का? मावशीनं मला मुद्दाम बोलावून घेतलं ते त्याच कामासंबंधी, हे तिच्या फोनवरच्या आवाजावरून कळलं होतं. त्या दुपारचं बोलणं तिच्या आणि काकांच्या परवानगीनं लिहिते आहे.

“गुडघ्यानं फेरे घालू दिले का?” मी विचारलं.

“सातही घातले. आणि तू विचारायच्या आधीच सांगते, निर्जळी केलेली नाही. पाणी पितेय, आंबा खाल्लाय.”

“मावशी, तू शरीरातला अवयव काढून दिलास. त्यानंतर झाडाला सूत गुंडाळायचं काय राहतं?”

“देणं माझ्या हातात होतं, ते केलं. टिकणं माझ्या हातात नव्हतं. सूत त्याच्यासाठी.”

“टिकणं गोळ्यांच्या हातात होतं. टॅक्रोलिमसची पातळी, साखर, ब्लडप्रेशर.”

“आणि बिघडणं?”

“तेही तसंच. साखर किती तरी वर्षं वाढलेली होती, कुणी तपासली नाही. पाठ दुखते म्हणून दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या. यात प्राक्तन कुठं आलं?”

मावशीनं बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय. वर्गात हात वर करणाऱ्या मुलाकडं बघावं तसं तिनं माझ्याकडं बघितलं.

“आमच्या आळीत एक आजोबा आहेत. यांच्या दुप्पट गोड खात आले. ब्याऐंशीव्या वर्षी मेणवलीपर्यंत चालत जातात. त्यांचं एक झालं आणि यांचं दुसरं झालं, त्याला तुझ्याकडं काय शब्द आहे?”

“थोडी आनुवंशिकता. बाकी योगायोग.”

“मग माझ्या शब्दानं तुझं काय बिघडलं? योगायोगाशी मला बोलता येत नाही. प्राक्तनाशी भांडता तरी येतं.”

“बिघडतं. तोच शब्द घेऊन बायका माझ्यासमोर बसतात. नशिबात होतं, देते, म्हणतात. मी विचारते, द्या असं पहिल्यांदा कोण म्हणालं? तुमच्याआधी घरात आणखी कुणाला विचारलं होतं का? उत्तर येत नाही. नशीब म्हटलं की ज्यांनी ठरवलं त्यांची नावं पुसली जातात.”

“आमची पत्रिका जुळवली होती तेव्हा चोवीस गुण जुळले होते,” मावशी म्हणाली. “आणि तुमच्या त्या टिश्यूच्या तपासणीत सहापैकी एक. डॉक्टर म्हणाले, चालेल. चौदा वर्षं चाललं की. ते कशानं?”

मी तिला सांगितलं, की याचंही उत्तर आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की नवरा-बायकोनं एकमेकांना दिलेल्या किडन्या टिश्यू फारसे जुळत नसतानाही मृत दात्यांच्या किडन्यांपेक्षा चांगल्या टिकल्या होत्या. जिवंत, निरोगी माणसाच्या शरीरातून निघून तासाभरात दुसऱ्याच्या शरीरात गेलेल्या किडनीला इजाच कमी होते. “प्रेमानं तू टेबलापर्यंत गेलीस. पुढचं काम किडनीच्या तब्येतीनं केलं.”

“टेबलापर्यंत गेले, हे तरी मानतेस ना?”

मी लगेच हो म्हणाले नाही, आणि ते तिला दिसलं.

मी का अडले ते सांगायला हवं. आपल्याकडं मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला. सुरुवातीला तो ज्या मोजक्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम आले. कोणत्या जवळच्या नातेवाइकांना देता येईल याची यादी कायद्यात आहे. नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण आणि दुरुस्तीनंतर आजी-आजोबा, नातवंडं. या नियमांत एक तरतूद अशी आहे, की दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी, तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घ्यावी. मी नोकरीला लागले तेव्हा हे पहिल्यांदा वाचलं. अजूनही त्या ओळीशी थांबते. नियम लिहिणाऱ्यांना आपली घरं माहीत होती. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त आहेत. आई देते, बायको देते, बहीण देते. बायकोच्या किडन्या निकामी झाल्या तर नवरा देतच नाही असं नाही, असे नवरे मी पाहिलेत. पण माझ्या दाराबाहेरच्या बाकावर एक दिवस बसलं तरी तराजू कुठं झुकलाय ते कळतं.

एवढं सगळं मी मावशीला सांगितलं. तिनं हातातला गरा सुपात ठेवला.

“म्हणजे माझ्याकडून काढून घेतली, असं म्हण ना.”

“तसं नाही म्हणत.”

“तसंच म्हणतेस. आम्ही जे प्रेम म्हणून दिलं, ते लहानपणापासून शिकवलं म्हणून दिलं. असंच ना? शिकवलंच होतं. मराठीही शिकवलीच होती. म्हणून मी जे बोलते ते माझं बोलणं नव्हे का?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आताही पुरतं नाही.

“सावित्रीची गोष्ट तुम्ही लोक कॅलेंडरवर बघता,” ती म्हणाली. “वनपर्वात जाऊन वाच. तिथं वडाची पूजा नाहीच. नारद सांगतो, मुलगा सोन्यासारखा आहे, पण आजपासून वर्षानं जाणार. बाप म्हणतो, दुसरा शोध. ती ऐकत नाही. हे सगळं लग्नाच्या आधी हं. कुणी गळ्यात बांधला नव्हता तिच्या, तिनंच हिंडून निवडला होता आणि मरण कळल्यावरही निवड बदलली नाही. वर्षभर ते एकटीनं पोटात ठेवलं. यम आला तेव्हा रडत बसली नाही, त्याच्या मागं चालत बोलत राहिली. सासऱ्यांचे डोळे मागितले, राज्य मागितलं, वडिलांना मुलगे मागितले, मग स्वतःला मुलगे मागितले, आणि तिथं यम सापडला. ही सोसणारी बाई आहे का? शहाणी बाई आहे. तिच्या शहाणपणाचं आपण काय केलं, तो दोष तिचा नव्हे.”

“हे सगळं मान्य,” मी म्हणाले. “पण त्याच महाभारतात रुरू आहे.”

“कोण?”

तिला ठाऊक होतं. नाव ऐकून बरेच दिवस झाले होते, एवढंच. आदिपर्वात रुरूची गोष्ट येते. प्रमद्वरेशी त्याचं लग्न ठरलेलं असतं, ती खेळता खेळता सापावर पाय पडून मरते. रुरू रानात जाऊन आक्रोश करतो. देवांचा दूत येऊन सांगतो, तिचं आयुष्य संपलं, पण तू तुझ्या आयुष्यातला अर्धा वाटा दिलास तर ती उठेल. तो तिथल्या तिथं देतो. ती झोपेतून उठावी तशी उठते.

“आता सांग,” मी म्हटलं, “तुझ्या ऑपरेशनच्या जवळ कोण येतं? सावित्रीनं सत्यवानाला मागून आणला. रुरूनं स्वतःतून काढून दिलं. दोनांतलं एक, अर्धं. मग रुरूसाठी कोण फेरे घालतं? वर्षातल्या कोणत्या पौर्णिमेला नवरे सुताची गुंडी घेऊन उभे असतात?”

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. पावसाचे चार थेंब पडले आणि थांबले.

“बत्तीस वर्षं वर्गात सावित्री सांगितली,” ती म्हणाली. “रुरू एकदाही सांगितला नाही. मुलांनाही नाही.” मग एकदम वर बघून तिनं विचारलं, “पण पुढं काय केलं गं त्यानं? लग्नानंतर? काहीतरी सापांचं होतं.”

“दिसेल तो साप मारायचा. चावला होता एक, हा सगळ्यांना मारत सुटला. शेवटी एका बिनविषारी दुंडुभानं त्याला विचारलं, मी तुझं काय केलं?”

“हां.” तिचा आवाज खाली आला. “तो राग मला माहीत आहे. दिल्यानंतरचा.”

इथं मी लिहिणं थोडं सावकाश करते, कारण जे पुढं आलं ते मी इतक्या वर्षांत कोणत्याही दात्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ऐकलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं. दात्यांना आम्ही वर्षातून एकदा तपासायला बोलावतो. उरलेली किडनी थोडी मोठी होऊन बरंचसं काम अंगावर घेते, ते नीट चाललंय ना हे बघतो. ब्लडप्रेशर, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन. फॉर्मवर रागाचा रकाना नाही.

“पहिली दोन वर्षं मी यांच्या ताटावर नजर ठेवून होते,” मावशी सांगत होती. “लोणच्याची फोड घेतली की मला आतून जळायचं. एकदा मित्रांबरोबर बसून यांनी भडंग खाल्लं. मी तिथं गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, खा, किडनी माझी आहे, तुमचं काय जातंय. यांनी हातातला कागद खाली ठेवला. पुन्हा कधी बाहेर काही खाल्लं नाही. नंतर नंतर तर चहाला साखर घालू का म्हणून माझ्याकडं बघायला लागले. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. दिली म्हणत होते, पण सोडली नव्हती.”

“मग सुटली कधी?”

“पाचव्या वर्षी न्यूमोनिया झाला त्यांना, आठवतंय? तुमच्या त्या गोळ्यांनी अंगात ताकदच राहत नाही आजाराशी लढायची. अकरा दिवस आयसीयूच्या बाहेर बसले होते. नवव्या की दहाव्या दिवशी लक्षात आलं, इतक्या दिवसांत एकदाही किडनी मनात आली नाही. नुसते हे. तेव्हा सुटली असेल.”

आत रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. मावशीनं आवाज आणखी कमी केला.

“आता कशाला बोलावलं ते ऐक. ताई पुढच्या आठवड्यात तुमच्याकडं तपासणीला येतेय. रिपोर्ट तुझ्या हातून जातील. तिला सांग, जुळत नाही.”

“जुळत नसेल तर सांगेनच.”

“जुळलं तरी सांग.”

हे असं सांगणं आमच्या कामात बसतं, ते तिला माहीत होतं. दाराआड दात्याला आम्ही शब्द देतो, की तुम्हाला द्यायची नसेल तर कारण बाहेर जाणार नाही. घरच्यांना एवढंच सांगू, की दाता म्हणून तुम्ही योग्य ठरत नाही. जगातल्या अनेक प्रत्यारोपण केंद्रांत ही पळवाट ठेवतात आणि तिच्यावर वादही होतात. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असताना डॉक्टरनं त्याच्या माणसांना अर्धसत्य सांगावं का, हे सोपं नाही. मी ती पळवाट वापरली आहे. एक बहीण माझ्यासमोर बसून एवढंच म्हणाली, माझी मुलं लहान आहेत हो. पुढचं मी समजले. बाहेर जाऊन तिच्या भावाला सांगितलं, डॉक्टर नको म्हणतायत. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, तरी ते बोलल्याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

“पण ती सोय दात्याची असते, मावशी. दात्याच्या आईची नाही. ताईनं मागितली तर देईन. तिच्या पाठीमागं तुझ्या सांगण्यावरून दिली, तर तिचं देणंही गेलं आणि नाही म्हणणंही गेलं.”

“पस्तीस वर्षांची आहे ती. पोरगा सात वर्षांचा. बाप मधुमेही, उद्या तिलाही झाला तर एका किडनीवर काय करेल?”

“हा प्रश्न डॉक्टर विचारणारच. तरुण दात्याच्या घरात मधुमेह असला तर फार काटेकोर तपासतात. त्यावरून त्यांनी नको म्हटलं तर ते खरं कारण असेल. पण तू मला खरं कारण बघायला सांगत नाहीयेस.”

“नाही.”

“तू दिलीस ते प्रेम. मग तिनं दिली तर काय?”

“तिनं दिली तर ती माझ्यामुळं.” मावशीच्या हनुवटीला कंप सुटला होता. “माझ्या वेळी माझ्यापुढं कुणी नव्हतं. तिच्यापुढं मी आहे. एकविसाव्या वर्षी तिनं मला पोटाला पट्टा बांधून घरात फिरताना बघितलंय. आपल्या घरात बायका देतात, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.”

मघापासून मी जे म्हणत होते तेच ती म्हणाली होती, माझ्यापेक्षा जास्त नेमकं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी उगाचच एक जांभूळ तोंडात टाकलं आणि विचारलं, “तुला विचारलं होतं का गं कुणी? एकटीला, दार लावून?”

“विचारलं होतं ना. डॉक्टरीणबाई होत्या. म्हणाल्या, नको असेल तर सांगा, जुळत नाही म्हणून सांगू. मी काही बोललेच नाही. पाणी मागितलं. त्या शिपायाला हाक न मारता स्वतः उठल्या, पेला भरून आणला. तुला खरं सांगते, तो पेला हातात घेतला तेव्हा मी नाही म्हणायचं ठरवलं होतं.”

“नाही?”

“नाही. महिनाभर जो भेटेल तो मला सावित्री म्हणत होता. गाडीत, बाजारात, देवळात. इतका उबग आला होता त्या नावाचा. वाटलं, सांगावं नाही जुळत. चार दिवस सगळे हळहळतील. मग हे डायलिसिसला लागतील, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. साताऱ्याला न्यावं लागेल. पाणी मोजून प्यायचं, हाताची ती शीर सांभाळायची. माणसं जगतात तशी. घोट घोट पाणी पीत मी ते सगळे दिवस लावून बघितले. सोमवार, बुधवार, शनिवार. मी नाही म्हटलेलं घर बघितलं गं मी. त्यात मी होते, हेही होते, चूल पेटत होती. कुणी मेलं नव्हतं. कुणी मला वाईट बाई म्हणत नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. मग पेला खाली ठेवला आणि म्हटलं, देते.”

“हे काकांना माहीत आहे?”

“कुणालाच नाही. तुला आज सांगितलं.”

आठ वर्षं मी तो प्रश्न विचारते आहे. विचारून झाला की फॉर्मवर टिक करते. समोरची बाई हो म्हणाली की मला मनातून शंका असते, नाही म्हणाली की विश्वास बसतो. माझ्या शिक्षणानं मला एवढंच शिकवलं होतं, की बायकांचा होकार तपासून घ्यावा. मावशी होकाराच्या आधी नकाराच्या घरात जाऊन, तिथं थोडा वेळ राहून परत आली होती. तिला लहानपणी काय शिकवलं, आळीतले तिला काय म्हणत होते, हे सगळं त्या पेल्याच्या अलीकडं राहिलं. मराठी शिकवली म्हणून बोलणं माझं नव्हे का, या तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं थोडंसं दिसलं. पण ज्यांना कुणी पेला दिला नाही, ज्यांच्या डोक्यात नकाराचं घर उभंच राहू शकत नाही, त्यांचं काय? त्यांच्या सह्या माझ्या कपाटात आहेत.

“मग तो पेला ताईचाही आहे,” मी म्हणाले. “तू तो तिच्या हातातून काढून घेतेयस.”

“तिनं नाही म्हणावं असं मला वाटतं, यात काय चुकलं?”

“वाटू दे. मलाही वाटतं. पण म्हणायचं तिनं आहे.”

पाऊस आता लागून पडायला लागला. आम्ही सूप घेऊन भिंतीकडं सरकलो.

“आणि तुझ्या मुलाला, दादाला, विचारलंस?”

ती काही बोलली नाही.

“मावशी?”

“त्याचं हैदराबादला नुकतं बस्तान बसलंय. घराचं कर्ज आहे.”

“ताईच्याही घराचं कर्ज आहे.”

“माहीत आहे मला.” ती जरा चिडून बोलली. मग राग ओसरला. “नाही विचारलं. त्यानंही विषय काढला नाही. त्याला प्रेम नाही असं समजू नकोस. रोज फोन करतो, गोळ्या मागवून देतो. पण ताई बोलली त्या दिवशी फोनवर आम्ही सगळे होतो. ती म्हणाली, मी देते, आणि सगळ्यांचा जीव खाली पडला. ऐकू आलं मला. त्याचाही, माझाही. माझा जीव खाली पडला ना, तेव्हा मला माझीच भीती वाटली. म्हणून तुला बोलावलं.”

दादाची बाजू मला थोडी कळते. पुरुष दात्याला एकटं बसवलं की तो बाईपेक्षा जास्त वेळ गप्प बसतो. भीती वाटते, हे वाक्य त्याला सापडत नाही. आम्ही ते त्याच्या हाती कधी दिलेलंच नसतं.

“एक गोष्ट सांगते,” मी म्हटलं. “पुराणातली नाही. जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण बॉस्टनला झालं, २३ डिसेंबर १९५४. जुळे भाऊ होते, रिचर्ड आणि रोनाल्ड हेरिक. रिचर्डच्या किडन्या गेल्या होत्या, रोनाल्ड देणार होता. डॉक्टर जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढं मोठा पेच होता. धडधाकट माणसाला, त्याच्या स्वतःच्या शरीराचा काहीही फायदा नसताना, सुरी लावायची का? त्यांनी धर्मगुरूंशी, कायदेवाल्यांशी बोलून घेतलं. पण आदल्या रात्री काय झालं बघ. रिचर्डनं भावाला चिठ्ठी पाठवली, की तू इथून निघ आणि घरी जा. मरत असलेल्या माणसानं. रोनाल्डनं उलट कळवलं, मी इथंच आहे आणि इथंच राहणार.”

“मग?”

“रिचर्ड आणखी आठ वर्षं जगला. त्याची काळजी घेणाऱ्या नर्सशी लग्न केलं, दोन मुलं झाली. रोनाल्ड २०१० पर्यंत होता. मरे यांना १९९० साली नोबेल मिळालं. सगळे त्या ऑपरेशनबद्दल लिहितात. मला ती चिठ्ठी मोठी वाटते. मी जी वाट दाखवते ती मागच्या दारानं, दबक्या आवाजात, खोटं बोलून. ज्याला हवी आहे त्यानंच पुढचं दार उघडून धरलं, तर पळवाट लागतच नाही.”

मावशी पावसाकडं बघत होती.

“काकांनी ताईला काही म्हटलंय का? दे किंवा देऊ नको, काहीही?”

“नाही. विषय निघाला की रेडिओचा आवाज वाढवतात.”

“आणि तुला? तेव्हा?”

याचं उत्तर यायला इतका वेळ लागला, की मला वाटलं तिनं ऐकलं नाही.

“वाट बघितली होती मी,” ती म्हणाली. “ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघंच होतो खोलीत. वाटलं, आता म्हणतील. नको देऊस, एवढंच. मी दिलीच असती गं. पण त्यांनी एकदा म्हणायला हवं होतं. चौदा वर्षं झाली.”

रेडिओ कधी बंद झाला ते आम्हा दोघींच्या लक्षात आलं नव्हतं. काका दारात उभे होते. चौकट धरून, दुसरा हात पोटावर, नेहमीच्या जागी. किती वेळ उभे होते कोण जाणे.

“चष्मा कुठं आहे माझा?” ते म्हणाले. “ताईला फोन लावायचाय.”

मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि उठायला लागली. “काय सांगणार आहात तिला?”

काका ओसरीवर आले. खाली बसायला त्यांना आजकाल त्रास होतो, तरी भिंतीला धरून सावकाश बसले, सुपाच्या पलीकडच्या बाजूला, तिच्यासमोर.

“तिला नंतर सांगतो,” ते म्हणाले. “आधी तू बस.”

मी उठले आणि पाणी आणायला आत गेले.